उपवास सोडू नका, भरपाई सोडा

प्रश्न : आखाडातले तळण, श्रावणातले सोमवार-शनिवार, गणपतीतले मोदक, नवरात्राचे नऊ दिवस आणि मग दिवाळीचा फराळ, यांत माझा कोणताही नियम टिकत नाही. मोदक जास्त झाले की पुढच्या उपवासाला मी त्याची भरपाई करते. आता तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी ६.१ आली आहे. औषध नाही. उपवास सोडून द्यावेत का? सासूबाईंना वाईट वाटेल. (वय ४७, सांगली)

सप्रेम नमस्कार.

५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा मानला जातो आणि तेथून मागे फिरता येते, तेव्हा धीर सोडू नका. उपवासही सोडू नका. मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातील 'भरपाई' या शब्दाची. सोमवारी दिवसभर पोट रिकामे ठेवून संध्याकाळी तुम्ही ताटभर साबुदाण्याची खिचडी खात असाल, तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने आणि चोथा नावापुरतेच, वर बटाटा. त्यामुळे रक्तातील साखर झपाट्याने चढते, आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. अशाने मोदकांचा हिशेब मिटत नाही, त्यात भरच पडते.

सासूबाईंना तपासणीचा कागद दाखवा आणि मोकळेपणाने बोला. त्यांना वाईट वाटेल ते तुम्ही लपवलेत तर. खिचडी त्यांच्याच हातची राहू द्या, पण एक वाटी, साबुदाणा कमी आणि दाण्याचे कूट जास्त, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर. शनिवारी भगर आणि दाण्याची आमटी करा, कधी राजगिऱ्याचे थालीपीठ. (भगरीचे सुटे पीठ मात्र विकत आणू नका. दमट हवेत त्याला बुरशी धरते, आणि नवरात्रात त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा.)

आता सवयीविषयी. तुमचे नियम मोडतात, कारण ते सगळे ताटाशी बांधलेले आहेत आणि आपल्याकडे या चार महिन्यांत ताट दर आठवड्याला बदलते. म्हणून ताटात काहीही असले तरी पाळता येईल अशी एकच सवय धरा : रात्रीचे जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे चालणे. जेवणानंतर स्नायू हलले की ते रक्तातील साखर वापरू लागतात, त्यामुळे उपवास सुटला त्या रात्री आणि पुरणपोळी झाली त्या रात्रीही याचा उपयोग सारखाच आहे. पाऊस असेल तर घरातल्या घरात चाला, गणपतीत आसपासच्या मंडळांचे देखावे पाहायला पायी जा, सासूबाईंना झेपत असेल तर त्यांनाही सोबत घ्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका, नेहमीइतकेच चाला. भरपाईची सवय येथेही नको.

पुढे डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, तर त्यांना विचारल्याशिवाय एकही कडक उपवास करू नका, कारण काही गोळ्यांमुळे उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या उतरते. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून चालायला लागा आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा तपासणी करा. तोवर तीन महिने उलटून गेलेले असतील. जो आकडा येईल तो मला अवश्य कळवा.