बोर्डिंगमध्ये 'बोर्ड' कुठून आला?

प्रश्न असा आहे: शाळेतला फळा म्हणजे बोर्ड, परीक्षा घेणारं मंडळ म्हणजे बोर्ड, मुलं राहतात ते बोर्डिंग आणि विमानात चढणं हेही बोर्डिंगच. हा शब्द एकच, की दिसायला सारखे तीन-चार?

जवळजवळ एकच. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे लाकडाची फळी. ती घडवंचीवर टाकली की झालं टेबल. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत पंगतीची टेबलं बरीचशी अशीच असत, जेवणं उरकली की फळ्या उचलून बाजूला. साहजिकच बोर्ड म्हणजे जेवणाचं टेबल झालं आणि मग त्यावरचं जेवणसुद्धा. आपण 'पानं वाढली' म्हणतो तेव्हा वाढलेलं असतं ते अन्नच, तसंच हे. 'बोर्ड अँड लॉजिंग'मध्ये राहण्याची सोय लॉजिंगमध्ये आहे. बोर्ड म्हणजे निव्वळ जेवण. थोडक्यात, बोर्डिंगात मुलं राहत असली तरी शब्दाच्या हिशेबानं ती तिथे फक्त जेवतात!

टेबलाभोवती जेवायला बसतात तशी कारभाराला बसतात. त्या बसणाऱ्यांनाच पुढे बोर्ड म्हणू लागले. सामानाचं नाव संस्थेला चिकटणं इंग्रजीत नवं नाही. बँकेच्या मुळाशी सराफाचं बाकडं आहे, तर ब्यूरोच्या मुळाशी लिहिण्याच्या टेबलावर अंथरायचं जाडंभरडं लोकरी कापड. मराठीत बोर्डाचं 'मंडळ' करणाऱ्यानं मात्र लाकूड साफ टाकून दिलं आणि भोवतीचं कोंडाळं तेवढं उचललं. मला हे भाषांतर फार आवडतं.

अर्थात लाकडाची माणसं आपणही केली आहेत. 'कार्यकर्त्यांची फळी', क्रिकेटमधली 'मधली फळी'. फरक इतकाच, की इंग्रजांची माणसं फळीभोवती बसली आणि आपली फळीसारखी ओळीनं उभी राहिली.

वर 'जवळजवळ' म्हटलं ते विमानासाठी. जुन्या इंग्रजीत कड, काठ, जहाजाची बाजू या अर्थाचाही एक 'बोर्ड' होता. तो फळीवाल्याचा भाऊ की वेगळाच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढे दोघे एकमेकांत मिसळून गेले. ऑन बोर्ड, ओव्हरबोर्ड ही त्याचीच प्रजा. जहाजाची उजवी बाजू स्टारबोर्ड, पण त्यात तारा नाही, 'स्टिअर' आहे: सुकाणूचं वल्हं त्या बाजूला असे. डावी बाजू लारबोर्ड. वादळात ओरडून सांगताना या दोन शब्दांची गल्लत व्हायची, म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश नौदलानं लारबोर्ड बाद करून 'पोर्ट' रूढ केला. जहाजावर चढणं ते बोर्डिंग, आणि विमानांनी बरीचशी परिभाषा जहाजांकडूनच घेतली.

राहिला शाळेतला फळा. हा शब्द संस्कृत 'फलक'वरून आला. फलक म्हणजे पाटी, फळी, आणि ढालसुद्धा. अमरकोशात ढालीच्या नावांत तो आहे. जुन्या इंग्रजी काव्यातही 'बोर्ड' म्हणजे ढाल. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. ढाली लाकडाच्या होत्या, एवढंच.