एक डेसिबल ओळखता आला नाही, म्हणजे कान नाही?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. साउंड इंजिनियर व्हायचं म्हणतो. दर रविवारी इथल्या एका साउंडवाल्यांच्या गोडाउनवर शिकायला जातो. त्यांनी गाण्याचं एक कडवं दोनदा लावलं, एकदा एक डेसिबल वाढवून, आणि ‘मोठं कुठलं?’ विचारलं. असं पाच वेळा केलं, तो तीनदा चुकला. ‘याला कान नाही,’ म्हणाले. तेव्हापासून पोरगा गप्प आहे. माझे सासरे तंबोऱ्यांची जवारी लावायचे. तेही म्हणतात, कान उपजत लागतो. आता सायन्स सोडून कॉमर्सला घालावं का? – एक आई, मिरज

ताई,

पाचात तीन चुकले यावरून काहीच ठरत नाही. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण हेच झालं असतं. आणि परीक्षा तरी कसली घेतली बघा. शांत खोलीत, दोन आवाज लागोपाठ वाजवले तर साधारण माणसाला जेमतेम जाणवणारा फरक म्हणजे एक डेसिबल. इथे मध्ये अख्खं कडवं गेलं. आवाजाच्या पातळीची बारीक आठवण आपल्याला काही सेकंदच राहते. त्यात गोडाउन! पत्र्याखाली डोकं वीतभर इकडे-तिकडे झालं तरी काही स्वर एक डेसिबलहून जास्त चढतात-उतरतात. तिथे मीही चुकलो असतो.

मुख्य गंमत पुढे आहे. एवढा लहान फरक कानाला बऱ्याचदा ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही. तो ‘जरा स्वच्छ’, ‘जरा भरीव’, ‘गायिका जवळ आली’ असा कळतो. मुलाला ‘मोठं कुठलं’ऐवजी ‘बरं कुठलं वाटलं’ विचारलं असतं, तर कदाचित तो कमी चुकला असता. या लाइनीत लोक फसतात तेही इथेच. दोन स्पीकरांपैकी एक किंचित मोठा लावला की गिऱ्हाईक तोच उचलतं. करिअर सल्लागार होण्यापूर्वी मी काही वर्षं रेकॉर्डिंगला बसायचो. एकदा मी पाच मिनिटं इक्वलायझरचं (खर्ज, मधले, वरचे स्वर वेगवेगळे वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या यंत्राचं) बटण फिरवत होतो, आवाज कसा खुलत चाललाय ते शेजारच्याला सांगत होतो, आणि इक्वलायझर बायपासवर होता, म्हणजे आवाज त्यातून जातच नव्हता. तेव्हा, ताई, कान तयार करणं म्हणजे निम्मं स्वतःवर संशय घ्यायला शिकणं.

सराव घरच्या कॉम्प्युटरवर होतो. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. ओळखीच्या आवाजाचा पाच सेकंदांचा तुकडा कापा, नुसतं बोलणं असलं तर उत्तम. त्याची प्रत काढून ‘अँप्लिफाय’मध्ये उणे तीन डेसिबल टाका. साधा हेडफोन चालेल, मात्र तो आणि कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम रोज तोच ठेवायचा. कारण आवाज हळू केला की कानाला खर्ज बाकीच्या स्वरांपेक्षा जास्तच दबलेला ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय. रोज वेगळा व्हॉल्यूम म्हणजे रोज वेगळीच परीक्षा. तुकडे दुसऱ्याने लावायचे, मुलाने पाठ करून बसायचं आणि उत्तर वहीत लिहायचं. दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता साडेपाच टक्के आहे. म्हणून सलग तीन-चार दिवस आठ किंवा जास्त आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग दोन डेसिबल, दीड, एक. तयार कान चांगल्या परिस्थितीत अर्ध्या डेसिबलपर्यंतही जातो, पण त्याची घाई नको. रोज पंधरा मिनिटं बस्स. त्यापुढे कान थकतो आणि मन उत्तरं बनवायला लागतं.

एक डेसिबल जमला की खरं काम सुरू होतं. पूर्ण गाणं वर-खाली न करता फक्त गाणाऱ्याचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) एक डेसिबल खाली घ्यायचा आणि काय हरवलं ते शब्दांत सांगायचं. कोणी म्हणेल, मीटर असताना हे कशाला? युरोपातल्या टीव्हीसाठी कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे 23 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) ठरलेली आहे, ती मीटर दाखवतो. पण पावसाच्या आवाजाखाली नायिकेचा एक शब्द बुडाला, हे त्या सरासरीत दिसत नाही.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांचा कान उपजत असेलही. पण जवारी लावताना, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून, तारांखालच्या घोडीवर कानस किती फिरवायची आणि तारेखालचा दोरा कुठे थांबवायचा, हे पहिल्या वर्षी कळत होतं का, हे त्यांनाच विचारा. मला उत्तराचा अंदाज आहे.

मला खरी काळजी वेगळी आहे. मुलगा ढोलपथकात असेल किंवा मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळ उभा राहत असेल, तर आधी ते थांबवा, नाहीतर इयरप्लग घालायला लावा. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही कामगारांसाठी सर्रास वापरली जाणारी मर्यादा आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, मिरजेत डॉक्टरांची काय वानवा! गोंगाटाने होणारी इजा बहुतेक वेळा आधी तिच्या आलेखात 4000 हर्ट्‌झच्या आसपास खड्डा पडून दिसते. तो निघालाच, तर करिअरचा विचार नव्याने करू. सरावाने ओळख वाढते, कानातल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

सायन्स मात्र सोडू नका. पुण्याच्या एफटीआयआयचा (फिल्म इन्स्टिट्यूटचा) साउंडचा तीन वर्षांचा कोर्स पदवीनंतरचा आहे. तोवर बारावीचं फिजिक्स हाताशी असू द्या. लहरी, अनुनाद, लॉगॅरिदम हेच पुढे रोज लागतं. पदवी कुठलीही करू दे आणि रविवारचं गोडाउन चालू ठेवू दे. केबल गुंडाळणं, माइक लावणं तिथेच शिकतो माणूस. त्या साउंडवाल्यांशी वाद घालायला जाऊ नका.

आणि सरावात तुकडे लावायचं काम सासऱ्यांकडे द्या. बटण कुठलं ते एकदा दाखवलं की झालं. महिन्याभराने वहीची पानं मला पाठवा, चुकलेली उत्तरं न खोडता.