वाचकांचे प्रश्न : ‘विसरते’ म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न : आई ७३ वर्षांची आहे. वर्षभर झालं, विसरते. डॉक्टरांनी ‘काय विसरते?’ असं विचारलं, तेव्हा ‘सगळंच’ यापलीकडे आम्हाला सांगता आलं नाही. काय सांगायला हवं होतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘विसरणं’ या एका क्रियापदात आपण निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

चष्मा कुठे ठेवला ते लक्षात राहिलं नाही, म्हणजे ठेवताना लक्षच नव्हतं. शेजारणीचं नाव ओठांवर आहे पण आठवत नाही, म्हणजे नोंद शाबूत आहे, फक्त सापडायला वेळ लागतोय. पहिलं अक्षर सांगितलं की नाव येतं, नाहीतर तासाभराने भाजी निवडताना आपोआप सुचतं. या दोन्ही गोष्टी वयानुसार वाढतात.

तिसरी गोष्ट वेगळी. सकाळी भाचीच्या साखरपुड्याचा फोन आला, पंधरा मिनिटं बोलणं झालं, आणि दुपारी आई ठामपणे म्हणते, फोन आलाच नाही. खूण सांगूनही उपयोग होत नाही, कारण नोंदच झालेली नाही. नव्या आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, अल्झायमरमध्ये बहुधा सुरुवातीलाच बाधित होतो. जुनं मात्र बराच काळ टिकतं. पन्नास वर्षांपूर्वीची लग्नाची पंगत आईला वाढप्यांसकट आठवते, आणि घरचे निर्धास्त होतात. फसगत होते ती इथेच.

दोन आठवडे एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय घडलं, खूण सांगितल्यावर आठवलं का, नंतर स्वतःहून आठवलं का. तोच प्रश्न अर्ध्या तासात किती वेळा विचारला, तो आकडा लिहा. पैशांचा हिशेब, रोजची वाट, नेहमीच्या आमटीची कृती यांत चूक झाली का, तेही लिहा. ‘ते हे दे’ आपण सगळेच म्हणतो, पण सांडशी, झारा, किसणी ही नावं जाऊन ‘ते गरम धरायचं’ असं वारंवार येऊ लागलं तर तेही वहीत हवं.

सोबत औषधांच्या सगळ्या पट्ट्या न्या. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही स्मरण मंदावतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल, तर ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. शाकाहारी घरात तर अधिकच. ब-१२, थायरॉइड, साखर, सोडियम या तपासण्यांबद्दल विचारा. ऐकू कमी येतं का, हेही पाहा. जे ऐकलंच नाही ते आठवणार कुठून?

घरी ‘ओळख बघू, मी कोण?’ अशी परीक्षा मात्र घेऊ नका. माणूस ओशाळतो आणि हाती काही लागत नाही. दवाखान्यात तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून मध्ये घड्याळ काढायला लावतात, अकरा वाजून दहा मिनिटांचं. शब्दांचे तीन गुण, घड्याळाचे दोन. तीनपेक्षा कमी पडले तर पुढची तपासणी. शाळा फारशी न झालेल्या व्यक्तीला घड्याळ चुकलं म्हणून घाबरू नये.

हा गोंधळ एक-दोन दिवसांतच उद्भवला, माणूस ग्लानीत जातोय, असंबद्ध बोलतोय, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम उतरणं एवढंही कारण पुरतं.

प्रश्न : ‘म्हातारचळ’ आणि ‘स्मृतिभ्रंश’ एकच का?

उत्तर : नाही. म्हातारचळ हा शेरा आहे, निदान नव्हे. त्यात हट्ट, चमत्कारिक वागणं, विसर सगळं एकत्र ढकललं जातं. ‘साठी बुद्धी नाठी’तही तेच; नाठी म्हणजे नष्ट झालेली. स्मृतिभ्रंश आज डिमेन्शियासाठी, म्हणजे रोजचे व्यवहार अडावेत इतकं स्मरण आणि विचारशक्ती ढासळण्यासाठी, रूढ आहे; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६३) हाच शब्द क्रोधातून येणाऱ्या मोहानंतरच्या अवस्थेसाठी येतो. तिथे आजाराचा संबंध नाही.

प्रश्न : वय ३४. गॅस बंद केला का, हे पाहायला दारातून परत येते. हाच आजार का?

उत्तर : बहुधा नाही. हात सवयीने चालतो, मन दुसरीकडे असतं. बटण फिरवताना ‘गॅस बंद, बुधवार’ असं मोठ्याने म्हणा. वार म्हटला नाही, तर कालची आठवण आणि आजची यांत घोळ होतो. पण दिवसातून दहा-दहा वेळा परतावं लागत असेल आणि पाहूनही खात्री पटत नसेल, तर तो विसराळूपणा नाही, चिंतेचा भाग असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.