घरी ४० एमबीपीएसचं नेट आहे, ३००चं घेतलं तर खरंच काही उपयोग होतो का?

नुसतं पिक्चर बघायला घेत असाल तर राहू द्या भाऊ. नेटफ्लिक्स स्वतःच ४केला १५ एमबीपीएस लागतात म्हणतं, म्हणजे तुमच्या ४० मध्ये दोन टीव्ही आरामात चालतात, आणि सातबारा काढणं, पीक विम्याचा फॉर्म भरणं असली कामं तर मोबाईलच्या नेटवर पण होतात, तिथं जे गोल गोल फिरायलंय ते त्यांच्या सर्व्हरमुळं, तुमच्या ३०० नं त्याला काही फरक पडत नाही.

खरा उपयोग अपलोडला, म्हणजे आपल्याकडचा डेटा नेटवर चढवायला आहे, आणि हे दुकानवाला सांगत नाही. आमचा मेव्हणा उदगीरला लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. एका लग्नाचा डेटा सहज १०० जीबी होतो, आधी हार्डडिस्क कुणी लातूरला चाललंय का बघत बसायचा, एडिटर तिथं आहे म्हणून. १० एमबीपीएस अपलोडवर १०० जीबी चढवायला २२ तास लागतात, तेवढ्यात लाईट गेली की झालं कल्याण. १०० एमबीपीएस अपलोडवर तेच सव्वादोन तासात. आता रात्री लावून झोपतो, ऐन लगीनसराईत लय बरं पडायलंय. म्हणून प्लॅन घेताना अपलोड किती ते आधी विचारा, काही ठिकाणी डाऊनलोड ३०० लिहितात अन् अपलोड निम्मं पण नसतं.

तुमचं असलं काम नसेल पण घरात पोराचा नीटचा ऑनलाईन क्लास, कुणाचं तरी पुण्याच्या कंपनीचं वर्क फ्रॉम होम आणि क्लाऊडवर चालणारे तीन-चार सीसीटीव्ही असं सगळं एकदमच चालत असेल तरी अपलोडच कमी पडतं, मग मीटिंगमध्ये आवाज तुटतो आणि शिव्या पोराला बसतात. अशा घराला १०० पुरे, डाऊनलोड-अपलोड दोन्हीला १०० मिळत असेल तर.

आणि राऊटर बघा आधी. त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतील तर ३००चे पैसे पाण्यात. माळवदाचं जुनं घर असेल तर विचारूच नका, त्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पुढच्या खोलीत पण धड जात नाही, तिथं लॅन केबल ओढून दुसरा राऊटर लावावा लागतो.

वाचलेल्या पैशात राऊटरला मिनी यूपीएस घ्या, म्हणजे लाईट गेली तरी राऊटर चालू राहतो, हजार-दीड हजारात येतो, व्होल्टेज तेवढं राऊटरच्या अडॅप्टरवर बघून घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतं.