वाचक विचारतात : खेळाडू जातात, तरी संघ टिकतो कसा?

प्रश्न : मुलगी शिकायला अमेरिकेत ओहायोला आहे. तिथे कॉलेजच्या फुटबॉल सामन्याला लाखभर माणसं जमतात. खेळाडू चार-पाच वर्षांत पदवी घेऊन जातात, तरी वर्षानुवर्षं ठरावीक कॉलेजंच वर असतात. हा सगळा पैशाचा खेळ आहे का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

पैसा लागतो. पण टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडे तो भरपूर होता, तरी २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना करार संपायच्या आत घरी पाठवण्यासाठी विद्यापीठाला साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली. फिशर यांच्या सहा हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद एकदाही आलं नव्हतं.

आपण जो फुटबॉल पायाने खेळतो तो हा नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, मैदानावर प्रत्येकी अकरा, आणि बाहेर राखीव खेळाडूंची फौज. खेळाडूला चार हंगाम खेळायला पाच वर्षं मिळतात. म्हणून चांगली कॉलेजं नव्या मुलाला पहिल्या वर्षी सहसा मैदानात उतरवत नाहीत. तो सराव करतो, वजनं उचलतो, अभ्यास करतो, पण सामने खेळत नाही. याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. २०१८ पासून अशा मुलाला चार सामन्यांपर्यंत खेळण्याची मुभा आहे. आघाडीच्या फळीतल्या धिप्पाड मुलांच्या बाबतीत हे वर्ष फार मोलाचं. अठरा वर्षांच्या मुलाची ताकद बावीस वर्षांच्या पुरुषापुढे टिकत नाही, आणि घाईने उतरवला तर तो जखमी होतो.

सातत्य पाहायचं तर बड्या नावांपेक्षा नॉर्थ डकोटा स्टेट बघा. फार्गोसारख्या गोठलेल्या गावातलं कॉलेज, तेव्हा दुसऱ्या श्रेणीचं. वरच्या श्रेणीत त्या वेळी ८५ शिष्यवृत्त्या असत, यांना ६३. तरी २०११ ते २०२४ या हंगामांत त्यांनी आपल्या श्रेणीची दहा विजेतेपदं मिळवली, आणि तीही चार वेगवेगळ्या मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली : बोल, क्लिमन, एन्ट्झ, पोलासेक. बोल गेले तेव्हा त्यांचाच बचाव सांभाळणारे क्लिमन वर आले. क्लिमन गेल्यावर एन्ट्झ, तेही बचावाचेच प्रमुख. पोलासेक तर तिथेच आधी सहायक होते. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला नवी भाषा, नवे डावपेच शिकावे लागले नाहीत.

उलट उदाहरण नेब्रास्का विद्यापीठाचं. १९६२ मध्ये बॉब डेव्हनी आले, १९७३ पासून त्यांचेच सहायक टॉम ऑसबोर्न, १९९८ पासून ऑसबोर्न यांचे सहायक फ्रँक सोलिच. या धाग्यावर पाच राष्ट्रीय विजेतेपदं आली. १९६९ मध्येच त्यांनी ताकदीच्या व्यायामासाठी वेगळा प्रशिक्षक नेमला होता. तेव्हा कॉलेजांत असा माणूस नेमायची पद्धत नव्हती. आसपासच्या गावांतली मुलं शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने संघात येत आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मैदानात दिसत. २००३ मध्ये नऊ सामने जिंकून तीन हरल्यावर सोलिच यांना काढलं, बाहेरचा प्रशिक्षक आणला आणि आक्रमणाची पद्धतच बदलली. जुन्या पद्धतीसाठी निवडलेली मुलं नव्या पद्धतीत बसली नाहीत. २००४ मध्ये पाच विजय, सहा पराभव. १९६१ नंतर प्रथमच पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. एका चांगल्या हंगामावर समाधान न मानता साखळी तोडली, त्याची किंमत तो संघ पुढे अनेक वर्षं मोजत राहिला.

हल्ली हे आणखी अवघड झालं आहे. २०२१ पासून खेळाडू एक वर्ष न गमावता दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतो आणि स्वतःच्या नावावर, छबीवर पैसे कमावू शकतो. २०२५ पासून कॉलेजंही त्याला थेट पैसे देऊ शकतात. त्यामुळे आता नव्या मुलांची निवड करतानाच, जी आपल्याकडे आहेत ती राहतील याचीही दरवर्षी तजवीज करावी लागते.

प्रश्न : मी मुरारच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक आहे. आमचा फुटबॉल संघ (पायाने खेळायचा) तीन वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन विजेता होता. पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत बाद, अजून सावरला नाही. मैदान तेच, मी तोच. काय चुकतंय?
— एक क्रीडाशिक्षक

बहुतेक तुमचा विजेता संघ जवळपास सगळाच शेवटच्या वर्षाचा होता. त्या मुलांनी जिंकून दिलं, पण त्यांच्यामागच्या मुलांना खेळायलाच मिळालं नाही. कॉलेज संघात हे नेहमी घडतं, आणि दोष कुणाच्या मेहनतीत नसतो.

एक मोठा कागद घ्या. उभ्या रकान्यांत वर्षं : पहिलं, दुसरं, तिसरं (चार वर्षांची पदवी असेल तर चौथंही). आडव्या ओळींत जागा : गोलरक्षक, मधले बचावपटू, बगलेचे बचावपटू, मध्यफळी, आघाडी. तेवीस-चोवीस मुलांची नावं भरा. गोलरक्षक तीन हवेत, तेही तीन वेगवेगळ्या वर्षांचे. मधले बचावपटू चार, बगलेचे चार, मध्यफळीत सात, आघाडीला पाच. एखाद्या ओळीत पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा रकाना कोरा दिसला, की पुढच्या पराभवाचं कारण तिथेच आहे. बहुधा गोलरक्षक किंवा मधला बचावपटू. हा कागद ऑगस्टमध्येच भरा. मार्चमध्ये भरून उपयोग नाही, कारण निवड चाचणी ऑगस्टमध्येच असते.

चाचणीत चेंडू पायावर किती वेळ खेळवतो हे पाहू नका. त्यात गल्लीतला कसरतपटू निवडला जातो आणि सामन्यात हरवतो. ३० बाय २० मीटरचं मैदान आखा, चार विरुद्ध चार, सहा मिनिटांचा डाव. प्रत्येक डावाला संघ बदला आणि जिंकणाऱ्या बाजूच्या प्रत्येक मुलाला गुण द्या. आठ-दहा डावांनंतर ज्याच्या बाजूला विजय पुन्हापुन्हा जातो, तो मुलगा दिसायला साधा असला तरी घ्या.

सरावाला आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी ७५ ते ९० मिनिटं पुरतात. दोन मुलांमागे एक चेंडू हवाच. पाच नंबरचे बारा चेंडू नसतील तर अर्धा सराव रांगेत उभं राहण्यात जातो. सुरुवातीला फिफाचा ‘११+’ व्यायामक्रम घ्या : तीन भाग, पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, सामान जवळपास शून्य. आठवड्यातून दोनदा तरी नियमाने केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात. गुडघा किंवा मांडीची शीर गेलेला एकच मधला बचावपटू छोट्या संघाचा हंगाम बुडवतो. हा क्रम कंटाळवाणा वाटतो आणि स्पर्धा जवळ आली की शिक्षकच तो आधी गाळतात. तेच करू नका.

मैत्रीपूर्ण सामन्यांत दुसरा अर्धा भाग पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना द्या, हरलात तरी. उपकर्णधार नेहमी दुसऱ्या वर्षाचा ठेवा आणि कॉर्नर, फ्री किक कुणी कशी घ्यायची याची एक वही त्याच्याकडे सोपवा. आणि तुमची बदली झालीच तर मागे तीच पद्धत चालवणारा कुणी सहायक तयार आहे का? आपल्या ग्वाल्हेरात १९५७ पासून लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. तिथले विद्यार्थी शिकवण्याच्या सरावासाठी मैदान शोधत असतात; लेखी विनंती करून बघा.

प्रश्न : मुलगा नुकताच कॉलेजच्या संघात आला. ऑगस्टमध्ये दुपारी चारला सराव असतो, त्याला चक्कर येते. सोडायला लावू का?
— एक आई, नया बाजार

सोडायला लावू नका, वेळ बदलायला सांगा. पावसानंतरच्या दमट उन्हात घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पहाटे साडेपाच-सहाची वेळ बरी. नव्या मुलाने पहिले काही दिवस पाऊण तासच खेळावं आणि वेळ हळूहळू वाढवावा. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पातळ पदार्थ पोटात गेले पाहिजेत. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू पिळा.

एक गोष्ट मात्र शिक्षकांना स्पष्ट सांगा : मुलगा बरळायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात समजायचा. आधी त्याला जागेवरच पाण्याच्या टबात बसवायचं किंवा बादल्यांनी भिजवत राहायचं, बर्फ असेल तर तोही, आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेला फोन. गाडीची वाट पाहत त्याला सावलीत नुसतं निजवून ठेवू नये.