अँड्रॉइड बॉक्सवर तानपुरा पातळ का वाटतो?

प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या अँड्रॉइड बॉक्सच्या ३.५ मिमीच्या एव्ही सॉकेटमधून मी जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला जोडणी केली आहे. माझ्याच सीडींवरून तयार केलेल्या फ्लॅक (आवाजातले काहीही न गाळता साठवणाऱ्या) फाइल पेनड्राइव्हमध्ये आहेत. सीडी प्लेअरवर तानपुरा भरून वाजतो. बॉक्सवर तो पातळ वाटतो आणि मागे सतत घरघर ऐकू येते. अँड्रॉइड प्रत्येक गाणे ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलते, असे वाचले. दोष त्याचाच का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचलेले बहुतांशी खरे आहे, पण आपला दोष तिथला नाही. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (४४.१ किलोहर्ट्झ) असतात, आणि सर्व अ‍ॅपचे आवाज एकत्र मिसळायचे असल्यामुळे अँड्रॉइड ते सहसा ४८,००० या एकाच दरावर आणते. या बदलात होणारी झीज इतकी सूक्ष्म असते की तिच्यामुळे तानपुऱ्याची आस हरवणार नाही.

खरी गोम त्या छोट्या सॉकेटात आहे. अंकांचे विद्युत्‌संकेतांत रूपांतर करणारा डॅक अशा बॉक्समध्ये बहुधा स्वस्तातला असतो आणि प्रोसेसर व वायफाय यांच्या गजबजाटातच त्याला काम करावे लागते. शिवाय या सॉकेटमधून चित्राचा संकेतही बाहेर पडतो. पिनेवर तीन काळी वलये असलेल्या एव्ही केबली दिसायला सारख्या असल्या तरी आतली जोडणी सारखी असतेच असे नाही. चुकीची केबल लागली तर चित्राचा संकेत आवाजाच्या तारेत शिरतो. म्हणून आधी केबल बदलून पाहावी. घरघर तरीही राहिली, तर गाणे चालू असतानाच टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची जाड तार उपसून पाहावी. त्या क्षणी घरघर थांबली, तर दोन मार्गांनी झालेल्या अर्थिंगचा फेरा हेच तिचे कारण समजावे.

बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट असेल तर दोन्ही दुखण्यांवर एकच औषध आहे : आवाज अंकरूपातच बाहेर काढून तो वेगळ्या डॅकला द्यावा आणि तिथून अ‍ॅम्प्लिफायरला न्यावा. ऑप्टिकल तारेतून केवळ प्रकाश जात असल्यामुळे अर्थिंगचा फेरा तिथे तुटतो. मात्र सेटिंग्जमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या अंकरूपावर ठेवावा; डॉल्बी पास-थ्रू (डॉल्बीचा संकेत न उलगडता तसाच पुढे पाठवणे) चालू राहिले तर चित्रपट लावताच साधा डॅक मुका होतो किंवा खरखरतो. ऑप्टिकलवरही दर ४८ किलोहर्ट्झच राहण्याची शक्यता आहे, पण त्याची चिंता मी तरी करणार नाही.

ऑप्टिकल नसेल तर यूएसबी डॅक घ्यावा. मूळ ४४.१ किलोहर्ट्झचा आग्रह असल्यास स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर वापरणारे प्लेअर अ‍ॅप लागते. अँड्रॉइड १४ पासून अशी सोय प्रणालीतच आली आहे, परंतु डॅक आणि अ‍ॅप या दोघांचीही तिला साथ हवी. बॉक्सच्या यूएसबीला पुरेशी वीज देता येत नसेल, तर स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर असलेला हब मध्ये घालावा. कोणताही मार्ग निवडला तरी बॉक्सचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉबनेच कमी-जास्त करावा.

प्रश्न : कोडी या मीडिया प्लेअर अ‍ॅपवर ध्वनिमुद्रण सुरू होताना पहिला षड्ज अर्धाच ऐकू येतो. फाइल खराब आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फाइल तपासण्याची गरज नाही. शांतता पसरली की कोडी आवाजाची वाट बंद करते, आणि ती पुन्हा उघडून रिसीव्हर जागा होईपर्यंत पहिला स्वर निघून गेलेला असतो. कोडीच्या सिस्टिम सेटिंग्जमधील ऑडिओ विभागात ‘कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह’ हा पर्याय ‘ऑल्वेज’ करावा. तो दिसत नसेल, तर आधी सेटिंग्जची पातळी ‘एक्स्पर्ट’ करून पाहावी.