वितळलेल्या क्षारात गंजलेलं स्टील एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघताना वरच्या पृष्ठभागाचे फोटो पुरतात का?

नाही पुरत. तुमचं सॅम्पल 316 स्टेनलेसचं आहे, क्षार मॅग्नेशियम क्लोराइडचा, आणि मुंबईत ऐन पावसाळ्यात काम करताय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हवेत स्टेनलेसला क्रोमियम वाचवतं, त्याच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. वितळलेल्या क्लोराइड-फ्लोराइडमध्ये तो थर टिकत नाही आणि लोखंड-निकेलच्या आधी क्रोमियमच क्षारात उतरतं. म्हणूनच अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत 1965 ते 1969 चाललेल्या वितळलेल्या क्षाराच्या प्रायोगिक अणुभट्टीसाठी जो निकेलचा मिश्रधातू वापरला, त्यात क्रोमियम मुद्दाम 7 टक्क्यांच्या आसपासच ठेवलं होतं.

हे क्रोमियम बाहेर पडतं ते बरंचसं ग्रेन बाउंडरींवरून, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांमधल्या सीमांवरून, आणि मागे पोकळ्या राहतात. वरून पाहिलंत तर नुसता खडबडीतपणा दिसेल. सॅम्पल आडवं कापून एपॉक्सीत बसवा, पॉलिश करा आणि बॅकस्कॅटर्ड डिटेक्टरने (यात जड मूलद्रव्यं उजळ आणि पोकळ्या काळ्या दिसतात) पाहा: काळ्या रेघा बाउंडरी धरून आत शिरलेल्या दिसतील. त्या किती खोल गेल्यात ते मोजा. नुसत्या वजनातल्या घटीवरून ही खोली कधीच कळत नाही, आणि पाइपची भिंत किती दिवस टिकेल हे तिच्यावरच ठरतं.

आता पाणी. पोकळ्यांत अडकलेला क्षारच तुमचा पुरावा आहे, पाण्याने पॉलिश केलंत की तो विरघळून गेला. तेल किंवा निर्जल इथेनॉल वापरा. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल इतकी ओढतं की जुलैत सॅम्पल टेबलावर उघडं राहिलं तर पाझरायला लागतं. क्रोमियम गमावलेला थर त्या ओलीत पटकन गंजतो, आणि तो गंज भट्टीतलाच समजून लोक निष्कर्ष काढतात! तेव्हा भट्टीतून निघाल्यापासून मायक्रोस्कोपच्या चेंबरपर्यंत सॅम्पल कोरड्या डब्यातच ठेवा. शक्य असेल तर दोन तुकडे करा, एक धुऊन वजनासाठी, दुसरा न धुता कापण्यासाठी.

पुढे फ्लोराइडकडे वळलात तर ईडीएसच्या (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तंत्राच्या) नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. फ्लोरिनची रेषा 0.68 आणि लोखंडाची एल रेषा 0.70 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येते, त्यामुळे सॉफ्टवेअर नुसत्या लोखंडालाही फ्लोरिन म्हणू शकतं. न गंजलेल्या तुकड्याचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवून ताडून बघा. टीईएमचा (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) खर्च त्यानंतर, एखादी नेमकी बाउंडरी हेरल्यावरच करा.